अलकाच्या पायातले स्क्रू

"झाकण काढण्याआधी खिडकी उघड," अण्णा म्हणाला आणि त्यानं जॅमची बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

मे महिन्याची सुट्टी होती. मी शिकवायचे त्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकटीच वर्षभराची साफसफाई काढून बसले होते. मी खिडकी उघडली, पण उपयोग झाला नाही. झाकण फिरवल्याबरोबर असा वास आला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नुसत्या कुजलेल्या मांसाचा वास नव्हता तो. त्यात गंज होता, स्पिरिट होतं आणि कुठंतरी हळदही होती. बाटलीच्या तळाशी बोटभर रुंदीची स्टीलची पट्टी आणि सहा स्क्रू पडले होते. सगळ्यांना काळा, बुळबुळीत गाळ चिकटला होता.

"काय आहे हे?"

"एका बाईच्या नडगीतनं काढलंय. काल." अण्णानं नाकाला रुमालसुद्धा लावला नाही. तो हाडांचा डॉक्टर, त्याला सवय होती. "अलका तोडकर म्हणून आहे. हळदीच्या गोदामात कामाला. पोत्यांची थप्पी पायावर कोसळली. मी पट्टी टाकून हाड जोडलं. जुळायलाही लागलं होतं, आणि मग जखमेतनं काळं पाणी यायला लागलं. ही बया दवाखान्यात यायचं सोडून घरी वरनं हळद थापत बसली."

"आणि आता?"

"आता पाय राहतोय का जातोय, ते बघायचं." तो स्टुलावर बसला. "तिचा नवरा रोज दारात येऊन शिव्या घालतोय. डॉक्टरनं पाय नासवला म्हणतोय. पट्टी पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणतोय, तुमच्या ऑपरेशनमध्येच जंतू गेले. म्हणजे सगळं माझ्याच अंगावर. म्हणून तुझ्याकडं आलोय."

"मी काय करणार?"

"एम्एस्सीला तू ते करायचीस ना, दोन धातू मिठाच्या पाण्यात ठेवून विजेचं रीडिंग घ्यायचीस? ते घे. पट्टी आणि स्क्रू. कंपनीनं पट्टी एका धातूची दिली आणि स्क्रू दुसऱ्या धातूचे, हे मला कागदावर पाहिजे. कॉलेजच्या शिक्क्यासकट."

मला ते पटलं. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात वीज खेळते आणि त्यातला एक हळूहळू विरघळत जातो. शाळेतली पोरंसुद्धा तांब्या-जस्ताचा हा प्रयोग करतात. माणसाचं शरीर आतून खारं पाणीच आहे. तिच्या नडगीत म्हणजे महिनोन् महिने एक बॅटरी चालू होती आणि त्या बॅटरीची राख त्या बाटलीत होती.

"कसली माणसं असतात रे," मी म्हटलं. "माणसाच्या अंगात घालायच्या वस्तूत भेसळ करतात."

"म्हणून तर," अण्णा म्हणाला.

आमचे वडील आप्पा गेल्यावर मला शिकवलं ते या थोरल्या भावानं, अण्णानं. गावात डॉ. भूपाल शेडबाळे म्हटलं की लोक हात जोडायचे. वाटेत कुणी भेटलं तरी त्याला त्या माणसाचं मोडलेलं हाड आठवायचं. "काय तात्या, डावं मनगट कसं आहे?" असं विचारायचा, आणि ते मनगट सात वर्षांपूर्वीचं असायचं. त्याच्यासाठी हे काम करायला मिळालं याचा मला अभिमान वाटला.

तो गेल्यावर मी हातमोजे घातले आणि तो गाळ धुवायला घेतला. स्क्रूच्या आट्यांमध्ये तो असा बसला होता की टाचणीनं कोरून काढावा लागला. काही ठिकाणी तो काळा नव्हता, पिवळट होता. तो धातू नव्हता, तिचं मांस होतं. दोनदा मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिले. हात कितीही धुतले तरी वास बोटांना राहिला. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रीडिंगला बसले. अण्णाच्याच दवाखान्यातल्या सलाईनची बाटली काचेच्या भांड्यात ओतली आणि अंगाच्या उष्णतेइतकी कोमट ठेवली. पट्टीला एक चिमटा, स्क्रूला दुसरा, मध्ये मल्टीमीटर. चिमटे पाण्याला लागू द्यायचे नाहीत, नाहीतर त्यांचाच धातू मध्ये बोलायला लागतो. आकडा लगेच लिहायचा नसतो. तो आधी पळतो, मग दमतो, मग एका जागी बसतो. तिथं तो खरा.

पहिला स्क्रू चाळीस मिलीव्होल्टच्या आसपास बसला. धातू एक असता तर शून्याजवळ आला असता. म्हणजे अण्णाचं म्हणणं बरोबर होतं. खरं तर तिथंच थांबायला हरकत नव्हती.

पण हातासरशी मी दुसरा लावला. तो दीडशेच्या वर गेला आणि तिथून हलेना. तिसऱ्यानं तर चिन्हच बदललं. त्याच्याशी जोडल्यावर पट्टीच झिजणारी ठरत होती. चौथा निराळाच, पाचवा त्याहून निराळा. सहावा तेवढा पहिल्याच्या जवळपास आला.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी सगळे स्क्रू बारीक कागदानं घासून चकचकीत केले, पाणी बदललं आणि पुन्हा सुरुवात केली. आकडे थोडे हलले, पण सहाजणांची सहा तोंडं तशीच राहिली. तारा बदलल्या. दुसऱ्या विभागातून दुसरा मीटर आणला. तेच. शेवटी फळ्यावरचं लोहचुंबक काढून फिरवलं. एक स्क्रू टणकन उडी मारून त्याला चिकटला. शरीरात घालायच्या चांगल्या स्टीलला चुंबक लागत नाही, एवढं मला माहीत होतं.

भेसळ करणारी कंपनी वाईट धातू वापरेल, पण सगळ्या स्क्रूंना एकच वाईट धातू वापरेल. एका पायातल्या सहा स्क्रूंना वेगवेगळे धातू कशाला वापरेल?

कंपनीच्या माणसाचा नंबर अण्णानंच बाटलीबरोबर ठेवलेल्या कागदांत होता. मी फोन केला. इरफान बागवान त्याचं नाव. दोन दिवसांनी तो बॅग घेऊन प्रयोगशाळेत आला. तरुण, घाबरलेला, पण हसतमुख. मी त्याच्याकडून त्याच मापाची नवी पट्टी आणि नवे स्क्रू मागून घेतले आणि त्याच्यासमोरच पाण्यात सोडले.

नवी पट्टी आणि नवा स्क्रू, आकडा शून्याजवळ. नवी पट्टी आणि अलकाच्या पायातली पट्टी, तरीही शून्याजवळ.

"म्हणजे पट्टी आमचीच आहे," तो मान हलवत म्हणाला.

"आणि हे स्क्रू?"

त्यानं एकेक स्क्रू उचलून डोळ्याजवळ धरला. मग खाली ठेवला आणि रुमालानं बोटं पुसली. बराच वेळ पुसत राहिला.

"मॅडम, डॉक्टरसाहेबांना सांगणार नाही ना मी बोललो म्हणून?"

"बोला."

"साहेब आमच्याकडून फक्त पट्ट्या घेतात. स्क्रू घेत नाहीत. तीन-चार वर्षं झाली."

"मग स्क्रू कुणाकडून घेतात?"

"तसं मी पण विचारलं होतं. दुसऱ्या कंपनीचं कुणीच इकडं येत नाही. साहेब हसले. म्हणाले, बागवान, आमच्याकडं लय आहेत." तो बॅगेची चेन लावायला लागला. "मी जास्त विचारलं नाही. मोठं गिऱ्हाईक आहे, मॅडम. पट्ट्या तर घेतात."

"तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं," तो म्हणाला. "पण मला वाटून काय होतंय?" आणि तसाच हसला. ते हसू बघून मला तो वास पुन्हा आला, जॅमच्या बाटलीचा.

दवाखाना अण्णाच्या घराच्या खालच्या मजल्यावर होता. तो दुपारचा झोपायचा त्या वेळी मी गेले. ऑपरेशनच्या खोलीबाहेर सिस्टर मार्था कापसाचे बोळे करत बसल्या होत्या. त्या दवाखाना निघाल्यापासून तिथं होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सिस्टर, हाडातले स्क्रू कुठं ठेवता?"

"हे काय," त्या म्हणाल्या आणि कपाटातून डबा काढून माझ्यापुढं ठेवला. स्टीलचा, दिवाळीत आपण लाडू भरतो तसला. निम्म्याच्या वर भरलेला होता. लहान, मोठे, चमकणारे, काळवंडलेले, वाकून पुन्हा सरळ केलेले.

"एवढे कुठून आले?"

"पेशंटचे. हाड जुळलं की काढतात ना, ते. साहेब टाकू देत नाहीत. धुवायचे, उकळायचे, ह्यात ठेवायचे. पुढच्या ऑपरेशनला मापाचा बसेल तो साहेब निवडतात." त्यांच्या आवाजात काही लपवल्याचा भाव नव्हता. घरात जुनी बटणं काढून ठेवतात तसं त्या सांगत होत्या.

मी वरचा एक स्क्रू उचलला. आट्यांच्या खाचेत काहीतरी तपकिरी, वाळलेलं, खरवडल्यावर पापुद्र्यासारखं निघणारं बसलं होतं. त्या दिवशी टाचणीनं मी तेच कोरून काढलं होतं, त्यामुळं ओळखायला वेळ लागला नाही. हे अलकाचं नव्हतं. कुणाचं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि उद्या ते कुणाच्या तरी अंगात जाणार होतं.

मी बेसिन गाठलं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, तरी ओकारी थांबेना. सिस्टर पाठीवरून हात फिरवत होत्या. "ऊन लागलं असेल, मॅडम," म्हणत होत्या.

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधी आमच्याकडं पानं घेतात. मी लग्न केलं नव्हतं, कॉलेजजवळ दोन खोल्यांत राहायचे, पण संध्याकाळचं जेवण अण्णाकडंच असायचं. वैनी माहेरी गेल्या होत्या. अव्वा, म्हणजे आमची आई, मोरीपाशी बसून नेहमीसारखी कपड्यातून पाणी गाळत होती. पाण्यातला न दिसणारा जीवसुद्धा आपल्या पोटात जाऊन मरू नये म्हणून. अण्णा पाटावर बसला होता. मी बसले नाही.

"झालं का रीडिंग?" त्यानं विचारलं.

"झालं. ते सहा स्क्रू एका धातूचे नाहीत."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"कंपनीचे नाहीत ते. मी डबा बघितला, अण्णा."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला.

"तुला सगळे नको होते लावायला," तो म्हणाला. "एक लावला असतास तरी चाललं असतं."

तेव्हा मला कळलं की बाटली घेऊन आला तेव्हाच त्याला सगळं ठाऊक होतं. आकडा काय येणार, तो का येणार, आणि तो कुणाच्या माथी मारायचा, सगळं. त्याला फक्त कॉलेजचा शिक्का आणि बहिणीची सही हवी होती.

"दुसऱ्यांच्या अंगातले काढलेले स्क्रू तू तिच्या पायात घातलेस?"

"हळू बोल. उकळून घेतलेले असतात. धातूला काय होतंय? भांडी आपण घासून परत वापरत नाही का?"

"तिला विचारलंस?"

"पेशंटला काय विचारायचं असतं? गोदामात हमाली करणारी बाई. नवा म्हणजे काय आणि जुना म्हणजे काय, तिला काय कळणार? माझ्याकडं येणारी सगळी अशीच. त्यांना उभं केलं मी. चालती केली. शंभरातल्या एकाला त्रास होतो. तो नव्यानंही होतो."

"काहीच फरक नाही म्हणतोस?"

"काडीचा नाही. तू पुस्तकातलं बोलतीस. मी माणसं बरी करतो."

दोन वर्षांपूर्वी अव्वा न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि अण्णानंच ऑपरेशन केलं होतं. ते मला तेव्हा का सुचलं, सांगता येत नाही. कदाचित मोरीतून पाण्याची धार ऐकू येत होती म्हणून असेल.

"मग अव्वाच्या खुब्यातलेपण त्या डब्यातलेच असतील," मी म्हटलं.

अण्णाचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याच्या तोंडावर थुंकले होते.

"वेड लागलंय का तुला?" तो ओरडला. "अव्वाचे इंपोर्टेड आहेत. मी स्वतः मुंबईहून आणले. माझ्या आईच्या अंगात मी असलं घालीन?"

तो बोलून गेला. आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं, कारण तो पानाकडं बघायला लागला आणि पुन्हा जेवायला लागला. भराभर, मोठे मोठे घास घेत.

मोरीतून अव्वा म्हणाली, "माझे नवे आहेत होय रे?"

"होय अव्वा."

"मग बरं झालं बाई," अव्वा म्हणाली आणि कपडा पिळायला लागली.

आणि मला सांगायची लाज वाटते, पण ते ऐकून क्षणभर माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. मग त्या सुटकेचीच एवढी शिसारी आली की मी चपला घालून बाहेर पडले. अण्णा मागून म्हणाला, "रत्ना, जेवून जा." मी गेले नाही. त्या घरात मी पुन्हा कधी जेवले नाही.

अलकाचं घर हळदीच्या गोदामांच्या मागच्या ओळीत होतं. भिंती, दार, उंबरा, सगळ्यावर हळदीचा पिवळा थर. ती खाटेवर पाय लांब करून बसली होती. पस्तिशीची, काटक, तोंड फटकळ. तिचा नवरा बाळासो दाराशी उभा राहिला. मी डॉक्टरांची बहीण म्हटल्यावर तो आत येऊ देत नव्हता.

"येऊ दे," अलका म्हणाली. "बाईमाणूस हाय. काय मारनार हाय व्हय?"

तिनं पायावरची चादर बाजूला केली. जखम बांधलेली होती, पण बँडेजच्या कडेनं चामडी निळी-काळी पडली होती, शाई सांडल्यासारखी. वास तोच होता.

मी तिला सगळं सांगितलं. जेवढं साधं करून सांगता येईल तेवढं साधं. मिठाचं पाणी, दोन धातू, वीज. तिनं मध्येच हात वर केला.

"ते इजेचं ऱ्हाऊ द्या. माझ्या पायात दुसऱ्याच्या अंगातलं घातलं हुतं, आसंच म्हनताय न्हवं?"

"हो."

"एका मानसाच्या?"

"सहा स्क्रू सहा ठिकाणचे असावेत."

तिनं चादर पुन्हा पायावर ओढली. मग खाटेच्या कडेनं वाकून जमिनीवर थुंकली. पुन्हा थुंकली. तोंडात काहीतरी घाण गेली आहे आणि ती निघत नाही, असं. बाळासोनं पाण्याचा तांब्या दिला. तिनं चूळ भरली.

"आनि मी म्हनत हुते, माझी हळदच खोटी निघाली," ती म्हणाली. "कुनाकुनाचे हुते?"

"ते मला माहीत नाही."

"डाक्टरला ठावं असंल. त्येला समद्यांची हाडं ठावी असत्यात."

"अलका, तुम्ही तक्रार करा. मी लिहून देते. चौकशी होईल."

"ती करूच," ती म्हणाली. "पर आधी मला हे इचारायचंय."

सोमवारी दवाखान्याला सगळ्यात जास्त गर्दी असायची. बाकांवर जागा नव्हती. लोक भिंतीला टेकून, पायरीवर, जोड्यांच्या ढिगाशेजारी बसले होते. बाळासोनं अलकाला हाताला धरून आणलं. काखेत कुबड्या होत्या. मी मागं होते. सिस्टर मार्था म्हणाल्या, "नंबर लावा," पण ती थांबली नाही. कुबडीनंच तिनं अण्णाच्या खोलीचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच उभी राहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर. सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"डाक्टर," ती म्हणाली, "माझ्या पायातले स्क्रू कुनाचे हुते?"

अण्णा खुर्चीतून उठला. "अलकाबाई, आत या. दार लावा."

"लावत न्हाई. तुमच्या डब्यातले हुते न्हवं? दुसऱ्यांच्या अंगातनं काढल्याले? मला फकस्त नावं सांगा. कुनाचे हुते? बापयाचे हुते का बाईचे? ती मानसं जित्ती हायती का मेली?"

अण्णाला कुणाचं मनगट, कुणाचा गुडघा, कुणाचं गळपट्टीचं हाड, सगळं आठवायचं. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"मला... तसं सांगता येत नाही," तो म्हणाला.

त्यानं नाही म्हटलं नाही. बाहेर बसलेल्यांना तेवढं पुरलं.

एक म्हातारा कोपरावर हात ठेवून बसला होता. त्यानं हात झटकन काढला, जणू कोपर भाजलं. एका बाईनं मांडीवरचा पदर घट्ट ओढून घेतला. कुणी मनगट धरलं, कुणी खांदा, कुणी घोटा. आपल्याच अंगाला बोटं लावून लोक चाचपत होते, आणि लावलेली बोटं धोतराला, लुगड्याला पुसत होते. कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, काचा फुटतील. तसं काही झालं नाही. एकेक करून माणसं उठली, जोडे घातले आणि निघून गेली. जिच्या हाताला प्लास्टर ओलं होतं ती बाईसुद्धा गेली.

तक्रार झाली. चौकशी आली. डबा त्यांनी सील करून नेला. अण्णाचा दवाखाना काही महिने बंद राहिला. नंतर त्यानं तो विकला आणि दूरच्या गावी दुसरा उघडला. तिथंही त्याचं नाव झालं म्हणतात. अलकाचा पाय वाचला, पण आखूड राहिला. पोती उचलणं संपलं. ती गोदामात बसून हळकुंडं निवडायला लागली. अव्वा गेली तेव्हा अण्णा माझ्याशी बोलला. "तुझ्यामुळं माझं काय झालं बघितलंस?" एवढंच. मी बाजूला सरकले. त्याच्याशेजारी उभं राहवत नव्हतं.

पण त्या सोमवारनंतर जे झालं ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. लोक माझ्याकडं यायला लागले. बाईंकडं मशीन आहे, आतला स्क्रू कुणाचा ते कळतं, असं कुणीतरी पसरवलं होतं. सुट्टी संपून वर्ग सुरू झाले तरी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात दोघं-तिघं उकिडवे बसलेले असायचे. पाय चांगला, हात चांगला, दुखत काही नाही. पण झोप येत नाही म्हणायचे. अन्न गोड लागत नाही म्हणायचे. एकानं सांगितलं, बायको त्याच्या हातचं पाणी घेत नाही.

ज्या म्हाताऱ्यानं कोपरावरचा हात झटकला होता तोही आला. तुकाराम खोत त्याचं नाव. त्यानं सदऱ्याची बाही वर केली आणि कोपर टेबलावर ठेवलं, भांड्याच्या अगदी जवळ.

"हितं तीन हायती," तो म्हणाला. "तार लावा आनि बघा, बाई."

"बाबा, आत असताना ते मापता येत नाही. बाहेर काढून पाण्यात ठेवावे लागतात. आणि मापले तरी धातू कळेल, माणूस कळणार नाही."

"मग काढायला कुनाकडं जाऊ?"

"दुसऱ्या डॉक्टरांकडं."

"पुना कापायचं?" त्यानं मान हलवली. "माझं वय झालं बाई. आता कोन कापून घेतंय."

"दुखतंय का?"

"न्हाई. दुखत न्हाई. लई झ्याक चालतंय." त्यानं हात उघडून, मिटून दाखवला. मग हळूहळू बाही खाली केली, बटण लावलं, आणि ते लावतानासुद्धा त्याची बोटं कोपराला लागू नयेत असं जपत होता.

दारापर्यंत जाऊन तो थांबला.

"मी मेल्यावर पोरं राख सावडायला येत्याल न्हवं," तो म्हणाला, "तवा हे जळायचं न्हाई. पोरं म्हनत्याल, आमच्या बाचं हाय, आनि हाडांबरोबर नदीत सोडत्याल."